लोक काय म्हणतील याचा चुकलेला हिशेब

तुळशीचे लग्न आटोपते, कपाशीचे पहिले वेचे खामगावच्या बाजारात उतरतात, सोयाबीनचा चुकारा हाती पडतो आणि घाटाखालच्या आमच्या मुलखात, खामगाव-शेगावपासून नांदुरा-मलकापूरपर्यंत, सोयरिकींची बोलणी सुरू होतात. आणि या बोलण्यांत एक विलक्षण प्रकार असा दृष्टीस पडतो की, ज्या गोष्टीविषयी दोन्ही पक्षांचे मनातून पूर्ण ऐकमत्य असते, नेमक्या तिच्याविषयीच दोन्ही पक्ष बैठकीत उलट बोलतात. मंगल कार्यालयाचे भाडे, हजार-दीड हजार पानांची पंगत, बस्त्यातील मानाची लुगडी आणि टॉवेल-टोप्या, आंदणाची भांडीकुंडी आणि ज्याला आता हुंडा न म्हणता निरनिराळ्या सभ्य नावांनी संबोधिले जाते ती रक्कम, हा सगळा व्याप आपल्या पाच-सहा एकरांच्या सातबाऱ्यावर बोजा चढविल्यावाचून पार पडणार नाही हे वधूपित्यास पक्के ठाऊक असते. आणि वरपित्यासही, ज्याच्या घरात बहुधा आणखी एक मुलगी उपवर असते, हा प्रघात आज आपल्या लाभाचा असला तरी दोन वर्षांनी आपल्याच मुळावर येणार आहे हे कळत असते. तरीही ‘आमचे काही मागणे नाही, पण चार लोकांत शोभले पाहिजे’ हे वाक्य दोन्हीकडून उच्चारले जाते. आणि ज्या चार लोकांच्या नावाने हे सारे चालते, त्यांना बैठकीबाहेर एकेकटे गाठून विचारले, तर तेही दुसऱ्या कोणा चार लोकांकडे बोट दाखवितात.

याला दांभिकपणा म्हणून हातावेगळे करणे सोपे आहे, परंतु ते अन्यायाचे होईल. ही माणसे खोटी नाहीत. ती एका चुकीच्या अनुमानाच्या बंदोबस्तात राहत आहेत. माझे म्हणणे असे आहे की, आपल्याकडील पुष्कळशा जाचक रूढींचा खालचा श्रद्धेचा पाया केव्हाच खचला असून, त्या आज केवळ इतरांच्या श्रद्धेविषयीच्या समजुतीवर तोलून धरल्या गेल्या आहेत. आणि म्हणून समाजात परिवर्तन घडवून आणू इच्छिणाऱ्याचे पहिले काम लोकांचे मत पालटणे हे नसून, पालटलेले मत लोकांना एकमेकांच्या दृष्टीस पाडणे हे आहे.

खामगावकरांना हे समजावून सांगण्यास फार दूर जावे लागू नये. या गावाचे नाव सरकारी दप्तरांत आणि व्यापाऱ्यांच्या चोपड्यांत झाले ते कापसामुळे. १८२० च्या सुमारास येथे कापसाच्या व्यापारास आरंभ झाला, पुढे वऱ्हाडातील मोठ्या कापूसपेठांत त्याची गणना होऊ लागली, आणि १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंतचा सुमारे आठ मैलांचा लोहमार्ग या पेठेसाठी तयार होऊन त्याचे उद्घाटन खुद्द गव्हर्नर-जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्ते झाले. कोणत्याही पेठेचे सामर्थ्य कशात असते, तर तेथे बोली उघड होते यात. मालाची किंमत प्रत्येकाच्या मनात निरनिराळी असली तरी ती चारचौघांत उच्चारली गेल्यामुळे तासाभरात साऱ्यांना भाव कळतो, आणि कोणी भलत्याच समजुतीने घरी परत जात नाही. मुलीच्या लग्नात किती खर्च करावा, याविषयीचे माणसाचे खरे मत मात्र कधीच बोलीवर येत नाही. ते रात्री घरात, बायकोजवळ, दबक्या आवाजात बोलले जाते. बाहेर दिसतो तो केवळ मांडव, आणि मांडव पाहून शेजारी अनुमान करतो की, या गृहस्थाला हे सारे मनापासून हवे होते. अशा रीतीने ज्या गावात कापसाचा भाव क्षणार्धात सर्वतोमुखी होतो, त्याच गावात माणसांच्या मनाचा भाव पिढ्यान्‌पिढ्या कोणालाच कळत नाही.

डॅनियल कॅट्झ आणि फ्लॉइड ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९३१ साली विद्यार्थ्यांच्या वृत्तींचा अभ्यास करताना या स्थितीचे वर्णन केले, आणि तेव्हापासून ती समाजमानसशास्त्राचा एक महत्त्वाचा विषय होऊन राहिली आहे: बहुसंख्य माणसे एखादा संकेत मनातून नाकारतात, परंतु इतर सर्वांना तो मान्य आहे असे प्रत्येकजण समजतो, आणि म्हणून सर्वजण तो पाळतात. याचा अलीकडचा, आणि मला विलक्षण बोधप्रद वाटणारा, दाखला सौदी अरेबियातील आहे. लिओनार्डो बर्झ्टिन आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी रियाध शहरातील सुमारे पाचशे विवाहित तरुण पुरुषांना, त्यांच्याच परिसरातील माणसांच्या छोट्या गटांत बसवून, गुप्तपणे विचारले की, स्त्रियांनी घराबाहेर नोकरी करावी हे तुम्हांस मान्य आहे काय. बहुतेकांनी होकार दिला; परंतु याच खोलीतील इतरांपैकी किती जण होकार देतील असे वाटते, असे विचारले असता बहुसंख्यांनी तो आकडा प्रत्यक्षाहून कमी सांगितला. मग त्यांपैकी निम्म्यांना केवळ खरा आकडा सांगण्यात आला. व्याख्यान नाही, धर्मचर्चा नाही, उपदेश नाही. ज्यांना तो सांगितला गेला नव्हता त्यांच्यापैकी शंभरांत सुमारे २३ जणांनी आपल्या पत्नीचे नाव नोकरीच्या नोंदणीसाठी दिले. ज्यांना तो सांगितला गेला त्यांच्यात हेच प्रमाण ३२ झाले. आणि काही महिन्यांनी पाहिले तेव्हा घराबाहेरील नोकरीसाठी अर्ज केलेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर गेलेले होते. एका आकड्याने हे केले, कारण तो आकडा शेजाऱ्यांविषयीचा होता.

येथे कोणी म्हणेल की, मग कायदा कशासाठी आहे? कायद्याची महती मी कमी लेखीत नाही. पीडितेस कचेरीत उभे राहण्यास जागा देणारा तोच एक आधार असतो. परंतु त्याच्या मर्यादा आपल्याच इतिहासात नोंदल्या गेल्या आहेत. १९२९ साली शारदा कायदा संमत झाला आणि १९३० च्या एप्रिलमध्ये तो अमलात येणार असे जाहीर होताच, त्या मधल्या महिन्यांत देशभर बालविवाहांची अशी झुंबड उडाली की, १९३१ च्या शिरगणतीत तिचा ठसा उमटला. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. त्याचा अंमल किती झाला हे कोणत्याही सोयरिकीच्या बैठकीत बसलेल्या माणसास विचारावे. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीप्रमाणे महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच झालेले होते. जो कायदा मोडणारा मनातून आपल्याला लोकांची संमती आहे असे मानतो, त्याला दंडाचे भय फारसे वाटत नाही. आणि जो कायदा पाळू इच्छितो, त्याला मात्र आपण एकटे पडू असे भय वाटते.

या एकटे पडण्याच्या भयाचा विचार थोडा खोलात जाऊन केला पाहिजे, कारण सुधारणांचे सारे यशापयश त्यात दडलेले आहे. सर्वच नव्या गोष्टी समाजात सारख्या वेगाने पसरत नाहीत. जनुकीय फेरबदल केलेल्या कपाशीच्या बियाण्यास देशात २००२ साली परवानगी मिळाली, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत कपाशीखालील नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र तिने व्यापले. ते बियाणे हिताचे झाले की अहिताचे, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. मुद्दा असा की, ते पसरण्यास कोणाची परवानगी लागली नाही. शेतकऱ्याने धुऱ्यापलीकडे पाहिले, शेजाऱ्याची बोंडे मोजली आणि पुढल्या मृगात तीच थैली आणली. पाच एकरांचा मालक आपल्या पाच एकरांपुरता स्वतंत्र असतो. लग्नाच्या बाबतीत तो तसा नसतो, कारण लग्न दोन घरांचे असते. मुलीच्या बापाने एकट्याने ‘मी काही देणार नाही’ असे ठरविले, तर त्याने सुधारणा केली असे होत नाही, त्याची मुलगी बिनलग्नाची राहते. जी रूढी मोडण्यास दोन पक्ष लागतात ती एकाच्या सद्बुद्धीने मोडत नाही, आणि आपल्या उपदेशकांनी शंभर वर्षे नेमके एकेका पक्षालाच उपदेश करण्यात वेळ घालविला.

चीनमध्ये मुलींचे पाय लहानपणी करकचून बांधून त्यांना आयुष्यभर पंगू करण्याची जी चाल होती, तिची कथा या संदर्भात फार मननीय आहे. ती शेकडो वर्षे टिकली. बादशाही फर्माने निघाली आणि वाया गेली. कारण पाय न बांधलेल्या मुलीस चांगले स्थळ मिळत नसे, आणि हे प्रत्येक आईला माहीत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे ज्या नैसर्गिक पायांच्या सभा स्थापन झाल्या, त्यांनी एक साधी युक्ती केली. सभासद होणाऱ्या कुटुंबाने दोन प्रतिज्ञा एकदम करावयाच्या: आम्ही आमच्या मुलींचे पाय बांधणार नाही, आणि पाय बांधलेली मुलगी आमच्या मुलांसाठी सून म्हणून आणणार नाही. दुसऱ्या प्रतिज्ञेने पहिलीस जीव आला, कारण जी मुलगी मोकळ्या पायांनी वाढणार होती तिच्यासाठी घरेही त्याच यादीत तयार होती. पेकिंगच्या दक्षिणेकडील तिंगशिएन या प्रांतभागातील नोंदी अशा आहेत की, १८८९ मध्ये तेथील ९९ टक्के मुलींचे पाय बांधले जात, १८९९ मध्ये ९४ टक्के मुलींचे, आणि १९१९ मध्ये एकाही मुलीचे नाही. हजार वर्षांची म्हणविली जाणारी चाल एका पिढीत नामशेष झाली. राज्यशास्त्रज्ञ गेरी मॅकी यांनी १९९६ मध्ये या प्रकरणाची जी मीमांसा केली, तिचे सार हेच आहे की, परस्परांच्या घरी सोयरीक करणारी पुरेशी कुटुंबे एकाच वेळी आणि एकमेकांच्या देखत फिरली, म्हणजे रूढी हळूहळू झिजत नाही, ती एकदम कोसळते.

हे सूत्र आपल्याकडे कोणास सुचले नव्हते असे मुळीच नाही. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबर रोजी, सावित्रीबाईंच्या पुढाकाराने पुरोहितावाचून आणि अल्प खर्चात पहिला सत्यशोधक विवाह लागला. जोतीरावांनी एवढी ग्रंथरचना केली, परंतु त्यांच्या विचारांचा प्रसार खेड्यांत झाला तो बव्हंशी या विवाहांनी. कारण विवाह ही गोष्ट वाचावी लागत नाही, ती गावासमक्ष घडते, आणि ती घडण्यास दोन घरांचे संगनमत लागते. प्रतिपक्षालाही हे पुरते उमगले होते. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे बाळाजी कुसाजी पाटील यांनी आपल्या घरचे लग्न ग्रामजोशांवाचून लावले, तेव्हा जोशांनी दक्षिणेच्या हक्काची फिर्याद गुदरली आणि ते प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले. एका शेतकऱ्याच्या घरातील एका लग्नावरून एवढा मोठा दावा चालतो, याचा अर्थच असा की, त्या एका लग्नाने पाहणाऱ्या शंभर घरांच्या मनात काय होईल, हे वादींना वकिलाने सांगावे लागले नव्हते. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत ही चळवळ वऱ्हाडात चांगली रुजली. आणि महात्मा फुल्यांचे पहिले विस्तृत चरित्र १९२७ साली लिहिले ते पुण्यातील कोणा विद्वानाने नव्हे, तर आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातील, चिखलीकडील पंढरीनाथ सीताराम पाटील यांनी, ही गोष्ट या जिल्ह्याने अभिमानाने सांगावी अशी आहे.

परंतु याच जिल्ह्यात, त्याच्याही पंचेचाळीस वर्षे आधी, एक असे प्रकरण घडले आहे की, ते मला नेहमी अस्वस्थ करते. बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कारकुनी करणारे बापूजी हरी शिंदे हे सत्यशोधक समाजाचे सभासद. त्यांची कन्या ताराबाई हिने १८८२ साली ‘स्त्री-पुरुष-तुलना’ हा निबंध पुण्यातील श्रीशिवाजी छापखान्यात छापून प्रसिद्ध केला. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. निमित्त सुरतेच्या विजयालक्ष्मी नामक विधवेच्या खटल्याचे होते, परंतु ताराबाईंनी जो हल्ला चढविला तो एका न्यायाधीशावर नसून, स्त्रीस एक नियम आणि पुरुषास दुसरा असे ठरविणाऱ्या साऱ्या व्यवस्थेवर होता, आणि तो अशा रोखठोक, घरगुती, धारदार मराठीत होता की, आजही त्याची पाने उलटताना वाचक खडबडून जागा होतो. याचा परिणाम काय झाला? उपहास झाला, सत्यशोधकांच्या गोटातीलही काहींनी तो केला, आणि १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या अंकात जोतीरावांनी या बाईंची बाजू घेऊन आपल्याच सहकाऱ्यांना खडसावले, तेवढा एक अपवाद. ताराबाईंनी पुन्हा काही प्रसिद्ध केले नाही. तो निबंध लोकांच्या विस्मृतीत गेला तो १९७५ साली स. गं. मालशे यांनी त्याचे पुनर्मुद्रण करीपर्यंत, म्हणजे जवळजवळ शतकभर, तसाच पडून राहिला.

ताराबाई चुकल्या नव्हत्या, भित्र्या नव्हत्या, अस्पष्टही नव्हत्या. त्यांना दुसरी ताराबाई मिळाली नाही. बुलढाण्यात, मेहकरात, खामगावात त्या काळी असे कितीतरी उंबरे असतील की, ज्यांच्या आत हेच दुःख याच शब्दांत बोलले जात होते, परंतु एका उंबऱ्याचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोहोचण्याची सोय नव्हती. सॉलोमन ॲश यांचे १९५१ पासूनचे प्रसिद्ध प्रयोग हेच सांगतात: रेषांची लांबी ओळखण्यासारख्या बालिश प्रश्नावरही, भोवतालचे सर्वजण एकमुखाने चुकीचे उत्तर देत असता, एकट्या पडलेल्या माणसांच्या उत्तरांपैकी सुमारे एक तृतीयांश उत्तरे बहुमताच्या चुकीकडे झुकली, परंतु त्या मेळ्यात खरे बोलणारा एकच सोबती बसविला, की हे झुकणे चौथ्या हिश्श्यावर आले. आणि सर्ज मॉस्कोव्हिसी यांनी १९६९ मध्ये याच्या उलट बाजूने दाखवून दिले की, सहांतील दोघेजण जर न डगमगता, प्रत्येक वेळी तेच सांगत राहिले, तर बहुमतातील काही माणसे त्यांच्याकडे वळतात. आणि तेच दोघे कधी इकडे, कधी तिकडे बोलले, की त्यांचा प्रभाव जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे अल्पसंख्येला दोनच गोष्टी लागतात, सोबत आणि सातत्य. ज्या पुढाऱ्याने सभेत साध्या विवाहाचे समर्थन केले आणि पुढल्या वैशाखात स्वतःच्या मुलाच्या वरातीला तीन गावे बोलाविली, त्याने सुधारणेची हानी उघड विरोधकाहून अधिक केली, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे सारे मर्म विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेल्या एका वऱ्हाडी माणसाने ओळखले होते. १८७६ मध्ये शेंडगावच्या परटाच्या घरी जन्मलेले आणि मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यास मामाकडे वाढलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजेच गाडगेबाबा, यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे की, मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मद्य-मांसाची पंगत घालण्याचे त्यांनी नाकारले आणि भाऊबंदांना गोड जेवण वाढले. त्या दिवशी त्यांच्याजवळ संतपद नव्हते, शिष्य नव्हते, धर्मशाळा नव्हत्या. होता तो केवळ आपल्याच भाऊबंदांच्या रोषाचा सामना. परंतु पुढच्या पन्नास वर्षांच्या कार्याचे बीज मला त्या पंगतीत दिसते, कारण जे करावयाचे ते प्रथम स्वतः, ते आपल्याच सोयऱ्याधायऱ्यांत, आणि ते सर्वांच्या देखत, ही त्यांची रीत तेथूनच सुरू झाली. गावात शिरले की आधी खराटा हाती घ्यावयाचा आणि रात्री कीर्तनास उभे राहावयाचे. गावकऱ्यांनी दिवसा झाडणारा माणूस पाहिलेला असे, म्हणून रात्री बोलणाऱ्याचे ते ऐकत.

आणि त्यांच्या कीर्तनाचा घाट तर खास अभ्यासण्यासारखा आहे. बाबा विधाने फार थोडी करीत. ते प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांकडून, मोठ्याने, एकमुखाने वदवून घेत. ऋण काढून सण करावा काय, कर्ज काढून लग्न करावे काय, बोकड कापल्याने देव पावतो काय, असे एकामागून एक प्रश्न ते टाकीत जात आणि हजारो माणसे ‘नाही, नाही’ म्हणत. आपण त्याला वक्तृत्वाची लकब समजतो; मला ती एका मोठ्या सामाजिक कार्याची पद्धत वाटते. त्या ‘नाही’ने प्रत्येक माणसाला दोन गोष्टी मिळत: आपल्या तोंडून निघालेला शब्द, आणि त्याहूनही मोलाचे असे, शेजाऱ्याच्या तोंडून निघालेला तोच शब्द. तो रात्री घरी जाताना एवढे जाणून जाई की, हे मत आपल्या एकट्याचे नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरीहून गावोगाव पसरविलेल्या सामुदायिक प्रार्थनेचे बळही याच जातीचे होते. सर्व जातींची माणसे एका ओळीत बसलेली साऱ्या गावाने रोज पाहिली, म्हणजे एका ओळीत बसणे ही धिटाईची गोष्ट उरत नाही.

आता आम्हां लिहिणाऱ्यांकडे वळतो. वृत्तपत्रे लग्नांतील उधळपट्टीविरुद्ध पोटतिडकीने लिहितात आणि नेहमी असे लिहितात की, हे लोण खेडोपाडी पोहोचले, कोणीच अपवाद राहिला नाही, सारा समाज या पुरात वाहून चालला. हेतू निर्मळ असतो, परिणाम विपरीत होतो. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात अश्मीभूत झाडांचे एक राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील प्रवासी त्या झाडांचे तुकडे उचलून नेत. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे फलकांचा प्रयोग केला. पूर्वीच्या अनेक प्रवाशांनी तुकडे नेल्यामुळे उद्यानाची हानी झाली आहे, असा शोकपूर्ण फलक जेथे लावला, तेथे खुणेचे जवळजवळ आठ टक्के तुकडे चोरीस गेले. कृपया तुकडे नेऊ नका, एवढेच जेथे लिहिले, तेथे दोन टक्क्यांहूनही कमी गेले. ‘सर्वच करतात’ हे वाक्य निषेधाच्या सुरात उच्चारले तरी वाचक त्यातून संमतीच उचलतो. ज्या घरांनी हुंडा घेतला नाही, अंगणात पन्नास माणसांत लग्न लावले, त्यांची बातमी आपण देत नाही, कारण तेथे छायाचित्रास साजेसे काही नसते. आणि मग त्या घरांच्या शेजारच्या गावालाही कळत नाही की, असे एक घर आहे.

दृश्यतेने काय होते याचे ताजे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडचे आहे. ४ मे २०२२ रोजी शिरोळ तालुक्यातील त्या गावच्या ग्रामसभेने पतीच्या मृत्यूनंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि १७ मे रोजी शासनाने तो कित्ता गिरविण्याचे आवाहन साऱ्या ग्रामपंचायतींना करणारे परिपत्रक काढले. अशा प्रथा वाईट आहेत हे तोवर कोणी म्हटले नव्हते काय? शंभर वर्षे म्हटले होते. नवे एवढेच होते की, एका संबंध गावाने ते एका बैठकीत, हात वर करून म्हटले. २०२५ च्या मे महिन्यात पुणे परिसरातील एका विवाहितेच्या मृत्यूने महाराष्ट्र हादरला, आणि त्यानंतर पुणे, अहिल्यानगर अशा ठिकाणी मराठा समाजाच्या बैठका होऊन लग्नासाठी आचारसंहिता ठरली: हुंडा नाही, पाहुण्यांच्या संख्येस मर्यादा, डीजे आणि लग्नापूर्वीच्या चित्रीकरणास फाटा. मी या संहितांचे मनःपूर्वक स्वागत करतो, तरी एक उणीव दाखविणे कर्तव्य समजतो. समाजाने ठरविले, असे म्हणताना कोणकोणत्या घरांनी ठरविले, हे मोघम राहते. आणि मोघम प्रतिज्ञेचे ओझे कोणाच्याच खांद्यावर नसते.

एक सावधगिरी मात्र येथेच सांगितली पाहिजे. समाजाचा दाब हे दुधारी शस्त्र आहे. ज्या भाऊबंदकीच्या दृष्टीपुढे माणूस चांगला होतो, तीच भाऊबंदकी आंतरजातीय विवाह केलेल्या मुलीस जिवंतपणी मेलेली ठरविते आणि जातपंचायतीच्या हुकुमाने घराचे पाणी तोडते. म्हणूनच महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि असा कायदा करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. साध्या विवाहाची प्रतिज्ञा मोडणाऱ्यास दंड, वाळीत टाकणे, पंगतीस न जाणे असले उपाय कोणी सुचवील, तर त्याला तेथल्या तेथे विरोध झाला पाहिजे. गाडगेबाबांनी कोणाला वाळीत टाकल्याचे ऐकिवात नाही.

खामगावपुरते मला जे सुचते ते असे. ज्या कुटुंबांत परस्पर सोयरिकी होतात अशा तीस-चाळीस कुटुंबांनी, मग ती कोणत्याही जातीची वा धर्माची असोत, एकत्र बसावे. आणि बसण्यापूर्वी प्रत्येकाने, नाव न लिहिता, चिठ्ठीवर आपले खरे मत टाकावे की, लग्नाचा आजचा खर्च आपल्याला हवासा वाटतो काय. चिठ्ठ्या सर्वांसमक्ष मोजाव्या. माझी खात्री आहे की, आकडा वाचला जाताच त्या खोलीतील निम्मी लढाई संपलेली असेल. मग चीनमधील त्या सभांप्रमाणे दुहेरी शब्द द्यावा, मुलीचे लग्न करताना हुंडा देणार नाही आणि मुलाचे करताना घेणार नाही, आणि तो नावानिशी द्यावा. आरंभ ऐपत असलेल्या घरांनी करावा, जिनिंगचे मालक, पेढीवाले, डॉक्टर, वकील, लोकनियुक्त सभासद यांनी. कारण कर्जबाजारी शेतकऱ्याने साधे लग्न केले तर लोक म्हणतात, त्याच्याजवळ नव्हते, आणि ज्याच्याजवळ आहे त्याने केले तर त्यांना निराळे कारण शोधावे लागते. शुद्धतेसाठी दूरवर नाव असलेल्या आमच्या चांदीच्या पेठेला यात धोका वाटेल, मंडपवाल्या-कॅटरिंगवाल्यांना वाटेल; त्यांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंतु जो पैसा सावकाराच्या व्याजात जाणार नाही, तो याच गावात मुलांच्या शाळेची फी, विहिरीचे पाइप आणि घरावरचे पत्रे यांच्या रूपाने खर्च होणार आहे, आणि बाजार तोही याच खामगावचा आहे.

त्या बैठकीला केवळ कर्त्या पुरुषांना बोलावू नये. बस्ता, मानपान, रुसवेफुगवे हे बायकांमुळे होते असे पुरुष नेहमी सांगतात, आणि ते खरे की खोटे हे पडताळण्याची संधी बायकांना अद्याप कोणी दिलेली नाही. म्हणून आयांच्या चिठ्ठ्या निराळ्या पेटीत पडाव्यात, उपवर मुलींच्या त्याहून निराळ्या, आणि तिन्ही पेट्यांचे आकडे त्याच दिवशी वाचले जावेत. येत्या अक्षय्य तृतीयेपूर्वी अशी एक बैठक घाटाखाली कोठेही भरली, तर तिचे तिन्ही आकडे आणि शब्द देणाऱ्या घरांची, त्यांच्या अनुमतीने, नावे या वृत्तपत्राने पहिल्या पानावर छापावीत, अशी संपादकांस माझी विनंती आहे.